किल्ली माझ्याकडे

विजेच्या कामाला दोन माणसं लागतात, असं वायरमन नेहमी म्हणायचा. एक हात घालायला आणि दुसरं वेळेवर ‘थांब’ म्हणायला. एकट्यानं पेटी उघडणारा वायरमन शहाणा असेल, पण म्हातारा होणार नाही.

त्याच्या कामातलं हे दुसरं माणूस सतरा वर्षं थोरली होती, त्याची पहिली बायको. ती तापाचं निमित्त होऊन गेली, त्याला पाच वर्षं झाली. गेली तीन वर्षं त्या जागी धाकटी, त्याची दुसरी बायको, उभी राहत होती. थोरली उरली नव्हती तरी धाकटी मात्र धाकटीच राहिली. गल्लीत, सामानाच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या तोंडी तिचं तेवढंच नाव. वरची पायरी कधीच निखळून गेलेल्या शिडीवर आपण मात्र दुसऱ्या पायरीवरच उभं राहायचं, असं तिला वाटे.

कामाची रीत ठरलेली होती. बहुतेक घरांत मेन स्विच खाली, जिन्याच्या पोटात असतो आणि खोल्यांची पेटी वर, नाहीतर आतल्या बाजूला. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. धाकटी खाली मेनचा दांडा ओढायची, त्याच्या भोकातून छोटं कुलूप घालून दाबायची, किल्ली ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. कारण माणसं वाईट नसतात, पण घाईची असतात. दिवा गेला की घरातलं कुणीतरी भाबडेपणानं येतं, दांडा वर करतं, आणि वर हात घातलेला माणूस जागच्या जागी संपतो. म्हणून कुलूप. म्हणून किल्ली अंगावर.

मग वरून हाक यायची, “बंद?”

खालून उत्तर जायचं, “बंद. किल्ली माझ्याकडे.”

ते उत्तर आल्याशिवाय वायरमन पेटीच्या स्क्रूला पेचकस लावत नसे. मग तो पायाखाली कोरडी फळी घ्यायचा, डावा हात पाठीमागे न्यायचा आणि टेस्टर पुढे करताना ओठांतल्या ओठांत गुणगुणायचा:

पायी कोरडी फळी गं, एक हात पाठीला,
किल्ली ज्याची त्यानं गं, बांधावी गाठीला.
आधी जागती बघावी, मग निजलेली तार,
पुन्हा जागती बघून, घ्यावा कामाचा भार.

पहिल्या वर्षी धाकटीला हे फार गोड वाटलं. टेस्टर आधी चालू तारेवर लावून बघायचा, मग बंद तारेवर, मग पुन्हा चालूवर, म्हणजे टेस्टरच मेलेला नाही ना याची खात्री होते. एवढी रुक्ष गोष्ट या माणसानं गाण्यात बसवली, याचं तिला कौतुक वाटलं. एकदा तिनं सहज विचारलं, “तुम्ही केलंत?”

“छे गं. तिनं. मी विसरायचो ना, म्हणून.”

त्या दिवसापासून गाणं तिच्या कानाला टोचू लागलं. मग एका जुन्या गिऱ्हाइकानं हसत हसत सांगितलं, की ‘किल्ली माझ्याकडे’ हे शब्दही थोरलीचेच. दुसरीच्या अंगावरचं उतरवलेलं कापड नकळत नेसून आपण गावभर मिरवत होतो, असं धाकटीला झालं. उत्तर मात्र तेच द्यावं लागे. दुसरं काही म्हटलं तर वरून पुन्हा हाक यायची.

आणि पट्ट्या होत्या. गावातल्या निम्म्या घरांच्या पेट्यांत, झाकणाच्या आतून, चिकटपट्टीवर थोरलीचं अक्षर होतं. गोल, किंचित उजवीकडे झुकलेलं, प्रत्येक काना वर जाऊन जरा वळलेला. ‘स्वयंपाकघर. ओल्या हातानं नको.’ ‘न्हाणीघर. आधी चपला घाला.’ धाकटी लग्नाआधी छपाईच्या दुकानात पाट्या रंगवायची. तिचं अक्षर छापल्यासारखं सरळ. पण वायरमन पेटी उघडली की आधी त्या गोल अक्षरांवरून अंगठा फिरवायचा. झोपलेल्या माणसाच्या कपाळावरचा केस बाजूला करावा, इतक्या हळू. धाकटी ते बघायची आणि पिशवीतला चिमटा उगाचच शोधायची.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. त्याच्या अंगावर खेकसता येत नाही, त्याच्यापेक्षा चांगलं वागूनही दाखवता येत नाही, कारण ते आता चुकतच नाही.

आदल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे काम होतं. धाकटी मेनपाशी, वायरमन आतल्या खोलीत. “बंद?” अशी हाक आली आणि नेमका तिला ठसका लागला. ती खोकत राहिली. खोकला थांबेपर्यंत आतून पेचकसाचा आवाज सुरूही झाला होता.

ती ताडताड आत गेली. “उत्तर न ऐकता हात घातलात?”

“दिलंस की उत्तर.”

“मी खोकत होते.”

“खोकलीस, मग बोललीस. पन्नाशीत डोळे गेले गं माझे, कान नाही गेले.”

सवयीनं ऐकू आलं असेल, असं तिनं मनाशी ठरवलं. रोजच्या रस्त्यावर नसलेली पायरीही पायाला लागते कधीकधी.

मग मंगळवारी शिवणबाईचं काम आलं.

सकाळचे अकरा वाजले होते. वाचनालयाला लागून तिचं घर, अरुंद आणि उंच, पुस्तकांच्या रांगेत एखादं पुस्तक दाबून बसवावं तसं. खाली ती राहायची, वर शिवणाची खोली. तीन मशीनं, इस्त्रीचं टेबल, जमिनीवर रंगीत चिंध्या. मशीनच्या तेलाचा आणि वाफाळलेल्या कापडाचा वास जिन्यापर्यंत येत होता. शिवणबाई साठीची, गळ्यात टेप, दातांत टाचणी, आणि टाचणी तशीच ठेवून बोलायची कला तिला साधली होती.

“चाकाला हात लावला की मुंग्या येतात बघा. माझ्या पोरी म्हणतात, मशीन लाजतंय. म्हटलं, या वयात लाजणारं मशीन मला परवडायचं नाही.”

“पोरी कुठायत?”

“सुट्टी दिली. विजेचा आणि जावयाचा भरवसा नाही. दोघंही दिसतात गरीब.”

वायरमन हसला. पेटी शिवणखोलीतच होती, दारामागच्या भिंतीवर. शेजारून पाण्याचा लोखंडी नळ वर गेला होता. त्यानं झाकण उघडलं. आतल्या खटक्यांच्या भोवती पत्रा होता, चार बारीक स्क्रूंनी बसवलेला. तारा सगळ्या त्याच्यामागे. झाकणाच्या आतल्या अंगाला चार पट्ट्या होत्या.

धाकटीनं अक्षर लांबूनच ओळखलं. वायरमननंही. चष्मा खाली पिशवीत राहिला होता, पण ते अक्षर वाचायला त्याला चष्म्याची गरज नव्हती. बोटच पुरे होतं. त्याचा अंगठा पहिल्या पट्टीवरून सावकाश गेला.

“वाच गं,” तो म्हणाला.

“स्वयंपाकघर,” धाकटीनं वाचलं. “न्हाणीघर. शिवणखोली.”

“शिवणखोली?” तो थबकला. मग शिवणबाईकडे वळून त्यानं विचारलं, “ही खोली कधीची हो?”

“झाली की दोन वर्षं. हा मजला नवा चढवला.”

रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक गेली. वायरमन कान खाजवत म्हणाला, “दुसऱ्या कुठल्या घराची पट्टी असेल. नव्या पेटीला जुनं झाकण बसवलं असेल कुणीतरी.”

“कुणी लावल्या या?” धाकटीनं विचारलं.

शिवणबाईनं दातातली टाचणी काढली. “तुमच्याकडच्याच बाई की. पंधरा दिवस झाले असतील. मी म्हटलं, बसा, पाणी घ्या. तर म्हणाल्या, मागून घेईन.” तिनं धाकटीकडे नीट पाहिलं. “तुम्हीच ना? तेव्हा माझा चष्मा दुरुस्तीला होता.”

धाकटी या घरात पहिल्यांदाच येत होती.

“आणि चौथी?” वायरमन म्हणाला. “खाली आहे ना एक? लांबडी?”

चौथी पट्टी होती. धाकटीनं ती मनात वाचली.

‘अहो, मेन बंद केला तरी पत्र्यामागची खालची तार जागी राहते. मागच्या दुकानातून येते. तिचं वरचं आवरण सोललंय. आधी तिथं बंद करा, मगच पत्रा काढा.’

पुढचं सगळं कामाचं होतं. कुणाही वायरमननं कुणाही वायरमनला लिहावं असं. पण सुरुवातीला ते ‘अहो’ होतं. या तीन वर्षांत धाकटीनं दिवसातून शंभरदा ज्या हाकेनं या माणसाला आपलं म्हटलं, तीच हाक तिथं गोल अक्षरात आधीपासून बसली होती. आणि आता ती आपल्या तोंडानं, आपल्याच नवऱ्याला, दुसरीच्या वतीनं मारायची?

“काही नाही,” धाकटी म्हणाली. “पुसलंय.”

“सगळं?”

“सगळं.”

तो फळी आणि चष्मा आणायला खाली गेला. शिवणबाई त्याच्यामागून पाणी आणायला गेली. धाकटीनं नखानं पट्टीचा कोपरा उचलला आणि ती ओढून काढली. चुरगळताना अंगठ्याला निळं लागलं. शाई ओली होती.

ती काही वाईट बाई नव्हती. तिनं लगेच ठरवलं, की सांगायचं. जिन्यात भेटतील तेव्हा सांगायचं, साध्या शब्दांत, स्वतःच्या: थांबा, मागच्या दुकानातूनही एक तार येते असं दिसतंय. मी शोधलं, मी सांगितलं, असं होईल. एकदा तरी.

जिन्याच्या वळणावर तो भेटला. काखेत फळी, कपाळावर चष्मा. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, “अगं, एक सांगू? इथल्या पट्ट्या राहू देत हं. इतर घरांतल्या काढल्यास, मी काही म्हटलं नाही. समजतं मला. या तेवढ्या राहू देत.”

त्याचा आवाज मऊ होता. रागावला असता तर बरं झालं असतं.

“बरं,” ती म्हणाली, आणि खाली गेली.

जिन्याच्या पोटात वाकून उभं राहावं लागत होतं. जुन्या छत्र्या, एक मोडकी खुर्ची, भिंतीला ओलीचा पट्टा. तिनं मेनचा दांडा ओढला. घरातला पंख्याचा घरघराट विझत विझत थांबला. तिनं कुलूप घातलं, दाबलं, किल्लीला गाठ मारली. वर पाऊल वाजलं, फळी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. आता तो हातमोजे काढत असणार. बारीक स्क्रूला ते नडतात. आणि पत्रा काढायला एक हात पुरत नाही. मागे ठेवायचा तो हातही पुढे आणावा लागतो.

हे सगळं तिला माहीत होतं.

“बंद?” वरून हाक आली.

सांगायचंच होतं तिला. शब्द जिभेवर होते. फक्त एक श्वास तिनं वाट पाहिली. एकच श्वास, त्यानं पुन्हा विचारावं म्हणून. ‘अगं, आहेस ना?’ असं म्हणावं म्हणून. ती नसेल तर काय, असं त्याला क्षणभर तरी वाटावं म्हणून.

“अहो, थांबा.”

आवाज तिच्या डाव्या बाजूनं आला. तिच्याच उंचीवरून, हातभर अंतरावरून.

“मागच्या दुकानातून दुसरी येते. हात मागे घ्या.”

वरती काहीच वाजलं नाही. मग वायरमन म्हणाला, “घेतला.”

धाकटीनं डावीकडे पाहिलं. छत्र्या होत्या. मोडकी खुर्ची होती. ओलीचा पट्टा होता. हवेत तापलेल्या धुतल्या कपड्याचा वास होता, पण तो वरून येत असेल.

ती जिना चढली की धावली, तिला आठवेना. वायरमन फळीवर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे. पत्र्याचे चारही स्क्रू अजून जागेवर होते. त्यानं पत्र्याच्या खालच्या फटीतून टेस्टर आत सरकवला. टेस्टरमधला लाल ठिपका शांतपणे पेटला.

दोघं त्या ठिपक्याकडे पाहत राहिले.

“दोन्ही हातांनी पत्रा धरणार होतो,” तो म्हणाला. “आणि हा नळ माझ्या कोपराला लागलेला.” मग तो तिच्याकडे वळला. “तुला कसं कळलं?”

गेली तीन वर्षं तिनं ज्या नजरेची वाट पाहिली होती, ती नजर आता तिच्यावर होती. सबंध, कुणाशीही न वाटलेली. तिनं निळा अंगठा मुठीत लपवला.

“दिसलं मला,” ती म्हणाली. “मागच्या भिंतीवर तार दिसली.”

“शाबास.” त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “शाबास गं. आज तू नसतीस तर.”

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. तिनंही नाही.

मागचं दुकान शिवणबाईच्या दिराचं निघालं. वीज गेली तरी मशीनं थांबू नयेत, म्हणून तिच्या नवऱ्यानं मागं कधीतरी तिथून एक तार ओढून ठेवली होती; मजला चढवताना कारागिरानं ती गुपचूप नव्या पेटीत आणून बसवली. नवरा गेला आणि गोष्ट सगळे विसरले. वायरमननं दुकानात जाऊन ती मुळापासून तोडली, टोकांना टेप लावला, दिराला चार शब्द सुनावले. परत येताना तो शीळ घालत होता. धाकटी त्याच्या बरोबरीनं चालत होती. लग्नाच्या दिवशीही ती इतकी ताठ चालली नव्हती.

“आता खरी बंद,” तो म्हणाला. “जा, मेनपाशी उभी राहा. पत्रा काढून सगळं नीट बांधतो.”

ती पुन्हा जिन्याच्या पोटात गेली. दांडा खाली, कुलूप जागेवर. किल्लीची गाठ तिनं दोनदा चाचपली. आज उत्तर देताना शब्द दुसरीचे वाटणार नव्हते. आज ते कमावलेले होते.

“बंद?”

“बंद. किल्ली माझ्याकडे,” ती म्हणाली. जरा मोठ्यानंच.

वर शांतता.

“अगं, बंद?”

“बंद,” ती ओरडली. “किल्ली माझ्याकडे.”

“अगं, आहेस ना?”

हेच त्यानं म्हणावं, असं मघाशी तिला वाटलं होतं. तिनं जिन्याच्या फळ्यांवर मूठ आपटली. मूठ दुखली. आवाज झाला की नाही, ते तिला कळलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, “अहो,” आणि ती हाक तिच्याच छातीत राहिली, उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी.

मग डावीकडून, अगदी सहज, उत्तर गेलं.

“बंद. किल्ली माझ्याकडे.”

“हां,” वायरमन वरून म्हणाला. सुटकेचं, घरगुती ‘हां’. पेचकस फिरू लागला. एक स्क्रू टेबलावर पडला, दुसरा पडला. तो काहीतरी बोलू लागला, काम करता करता, मध्ये थांबत, ऐकत, पुन्हा बोलत. कधीतरी हसला. एवढं तो कामात कधी बोलत नसे.

धाकटीला जिन्यातून बाहेर यायचं होतं. पण मेन सोडून जायचं नसतं. वर माणसाचा हात तारांत असताना मेनपाशी उभं असलेलं माणूस हलत नाही. ती उभी राहिली.

स्वयंपाकघराचं दार वाजलं. शिवणबाई पाण्यानं भरलेला पेला घेऊन आली, वाकली, आणि जिन्याच्या पोटात डोकावून हसली.

“घ्या. त्या दिवशी मागून घेईन म्हणालात, ते राहिलंच.”

धाकटीनं हात पुढे केला. शिवणबाईनं पेला तिच्या डाव्या बाजूला, हातभर पलीकडे धरला.

“ऊन फार आहे हो आज,” असं तिकडेच बघून म्हणत तिनं पेला सोडला, पदराला हात पुसले, आणि ती आत निघून गेली.

पेला पडला नाही.